मोटरहोमने देशोदेशी, सावकाश: कागद, वजन आणि मुक्काम यांचा क्रम

मोटरहोम म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. तिच्यातून लांबच्या प्रवासाची तयारी बहुतेक जण उलट्या बाजूने करतात. आधी नकाशावर रेघ ओढतात, मग गाडी घेतात, मग ती हौसेने भरतात आणि कागदपत्रांकडे सगळ्यात शेवटी वळतात. मग कुठल्या तरी सीमेवर कळतं की माणसांना व्हिसा आहे पण गाडीला प्रवेश नाही. किंवा वजनकाट्यावर कळतं की गाडी कायद्याने रस्त्यावर आणताच येत नाही. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. चौथा टप्पा पहिल्याआधी केला तर पैसे दोनदा जातात.

## टप्पा १: नकाशाआधी गाडीचे कागद

कुठल्याही देशाच्या दृष्टीने तुम्ही पाहुणे असता, पण तुमची गाडी म्हणजे करपात्र माल. तो माल तुम्ही तिथे विकणार नाही याची हमी त्या देशाला हवी असते. ही हमी देण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत.

पहिली, सीमेवरच मिळणारा तात्पुरत्या आयातीचा परवाना. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांत हा चालतो. युरोपियन युनियनमध्ये, बाहेर राहणाऱ्या माणसाची बाहेर नोंदलेली खासगी गाडी साधारण सहा महिने करमुक्त राहू शकते.

दुसरी, ‘कार्ने द पासाज’. हे गाडीचं पासपोर्टसारखं पुस्तक. वाहनचालकांच्या मान्यताप्राप्त संघटना ते देतात आणि ते एक वर्ष चालतं. त्यासाठी अनामत किंवा बँक हमी लागते. तिची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कुठल्या देशांत जाणार यावर ठरते. भारत, पाकिस्तान, इराण, नेपाळ, इजिप्त या देशांसाठी कार्नेचा विचार करावाच लागतो. महागड्या मोटरहोमला ही अनामत इतकी होऊ शकते की मार्गच बदलावा लागतो. म्हणूनच नकाशा नंतर.

यासोबत गाडीची मालकी तपासा. नोंदणी कंपनीच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर असेल, तर मालकाचं नोटरी केलेलं आणि भाषांतरित अधिकारपत्र लागतं. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. नोंदणीच्या कागदावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर-न्-अक्षर जुळतं का ते आत्ताच पाहा. एका आडनावाच्या स्पेलिंगवरून सीमेवर अख्खा दिवस जाऊ शकतो.

आंतरराष्ट्रीय चालक परवान्याचे दोन नमुने चालतात, १९४९ च्या करारानुसार आणि १९६८ च्या करारानुसार. पहिला एक वर्षाचा असतो, दुसरा जास्तीत जास्त तीन वर्षांचा. काही देश एक मानतात, काही दुसरा. चीन दोन्ही मानत नाही. तिथे परदेशी गाडीला तात्पुरती नंबरप्लेट, चालकाला तात्पुरता स्थानिक परवाना आणि सोबत अधिकृत गाइड लागतो. त्या खर्चाचा अंदाज आल्यावर बरेच जण तेवढा भाग टाळून गाडी जहाजाने पुढे पाठवतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

विम्याचं म्हणाल तर ‘ग्रीन कार्ड’, म्हणजे परदेशात गाडीच्या विम्याचा पुरावा म्हणून दाखवायचं कार्ड, हा पूर्ण विमा नव्हे. ते दुसऱ्याच्या नुकसानभरपाईपुरतं असतं. कार्डावर देशांच्या चौकटी असतात. ज्या चौकटीवर फुली, तिथे तुमचा विमा नाही. तिथे सीमेवरच्या खिडकीतून विमा घ्यावा लागतो.

सावधान: नकाशावर रस्ता दिसतो म्हणजे सीमा उघडी आहे असं नाही. अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यातली जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे, तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांच्यातली १९९३ पासून. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये दारिएनच्या जंगलात सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. गाडी जहाजावर चढवावी लागते.

तपासा: प्रत्येक देशासाठी एका कागदावर चार रकाने भरा: माणसाचा प्रवेश, गाडीचा प्रवेश, चालक परवाना, विमा. एकही रकाना रिकामा असेल तर तो देश अजून मार्गात धरू नका.

## टप्पा २: दोन घड्याळं वेगवेगळी मोजा

माणसाच्या मुक्कामाची मुदत वेगळी, गाडीची वेगळी; सावकाश प्रवास करणारे इथे हमखास अडकतात. आधी माणसाचं घड्याळ. शेंगेन देशांमध्ये (आपसातल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट-तपासणी नसलेले युरोपातले देश) अल्प मुदतीसाठी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ही १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. आत आल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. “एक दिवस बाहेर जाऊन आलो की मोजणी नव्याने सुरू” हा गैरसमज महागात पडतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी पद्धत टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे पुसट शिक्क्यावर विसंबायचे दिवसही संपले.

आता गाडीचं घड्याळ. ते कस्टम्सच्या हद्दीवर चालतं, शेंगेनच्या नव्हे. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहेत, पण युरोपियन युनियनच्या कस्टम्स हद्दीबाहेर. आयर्लंड उलट: कस्टम्स हद्दीत आहे, पण शेंगेनमध्ये नाही. म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये शिरलात तर गाडी युनियनबाहेर गेली, तुम्ही मात्र शेंगेनमध्येच. अशा वेळी गाडी बाहेर पडल्याचा पुरावा हवा. तारीख असलेली टोलची किंवा इंधनाची पावती जपून ठेवा.

नव्वद दिवस संपत आले की अल्बानिया, माँटेनेग्रो, सर्बिया, बॉस्निया, तुर्कस्तान, जॉर्जिया हे देश उपयोगी पडतात, कारण तिथले दिवस शेंगेनमध्ये धरत नाहीत. तुमच्या पासपोर्टला तिथे किती दिवस मिळतात ते मात्र वेगळं पाहावं लागेल.

सावधान: तुर्कस्तानात गाडीची नोंद चालकाच्या पासपोर्टशी जोडली जाते. घरी काही निकड आली आणि विमानाने निघावं लागलं, तर आधी गाडी कस्टम्सच्या ताब्यात द्यावी लागते. विमानतळावर जाऊन हे कळणं वाईट.

पाळीव कुत्रा-मांजर सोबत असेल तर त्यांचं तिसरं घड्याळ असतं. काही देशांतून युरोपियन युनियनमध्ये शिरायचं असेल तर रेबीजच्या लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त तपासायचं आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. हे निघण्याआधी उरकता येतं, वाटेत नाही.

## टप्पा ३: आता मार्ग, तोही ऋतू पाहून

ज्या देशांचे रकाने भरले तेच देश घ्या आणि उंच घाट कुठल्या महिन्यांत उघडे असतात ते पाहा. ताजिकिस्तानातला अक-बैताल घाट ४,६५५ मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर इंजिनाची ताकद घटते, आणि डिझेलवर चालणारा हीटर उंचीसाठी जुळवलेला नसेल तर काजळी धरतो. इटलीत बऱ्याच रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या सक्तीच्या असतात.

इंधनाचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवायचा. युरोपातल्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षामागे १० भाग इतकंच असतं आणि नवी इंजिनं त्यासाठीच बनलेली असतात. गंधक जास्त असलेल्या डिझेलने काजळी गाळणारा फिल्टर आणि धुराची यंत्रणा बिघडते. मध्य आशिया किंवा आफ्रिका ठरवत असाल तर नव्याकोऱ्या गाडीपेक्षा साध्या इंजिनाची जुनी गाडी बरी, असं माझं मत आहे. डीलर तसं सांगणार नाही.

## टप्पा ४: वजन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण वजन डोळ्यांना दिसत नाही. युरोपात साध्या कार-परवान्यावर आजवरची रूढ मर्यादा ३,५०० किलोची आहे, आणि असंख्य मोटरहोम कागदोपत्री नेमक्या त्या आकड्यावर बसवलेल्या असतात.

समजा, गाडीचं कमाल वजन ३,५०० किलो आणि निर्मात्याने सांगितलेलं ‘चालू स्थितीतलं वजन’ ३,०००. या ३,००० मध्ये ७५ किलोचा चालक आणि इंधन धरलेलं असतं. पाण्याची टाकी बऱ्याचदा नावापुरतीच भरलेली धरतात. तेव्हा उरलेले ५०० किलो ऐसपैस वाटतात. आता मोजा: दुसरा प्रवासी ७०, पाण्याची टाकी १००, भरलेले दोन गॅस सिलिंडर ४५, बाजूला उघडणारं कापडी छत ३५, दोन सायकली आणि त्यांचा स्टँड ५५, सोलर पॅनेल आणि जादा बॅटरी ६०. झाले ३६५. कपडे, भांडी, शिधा, अवजारं, स्टेपनी, बिछाने आणि वर्षभराची औषधं या सगळ्यांना मिळून उरले १३५ किलो. दोघांचा संसार एवढ्यात बसवायला हात आखडताच घ्यावा लागतो.

त्यातही वजन किती, याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. मागच्या बंपरवर टांगलेल्या ५५ किलोच्या सायकली मागच्या एक्सलवर (चाकांच्या आसावर) ५५ किलो टाकत नाहीत. दोन एक्सलमधलं अंतर ४ मीटर आणि सायकली मागच्या एक्सलच्या १.८ मीटर मागे असतील, तर मागच्या एक्सलवर सुमारे ८० किलो चढतात आणि पुढचा एक्सल २५ किलोने हलका होतो. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असेल, तर ओल्या गवतावरून गाडी निघत नाही ती यामुळे.

क्रम असा ठेवा:

१. रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची.
२. सामान भरा. जड वस्तू दोन एक्सलच्या मध्ये आणि जमिनीलगत, हलक्या वरच्या कपाटांत.
३. सगळे प्रवासी, भरलेलं पाणी आणि इंधन यांसह पुन्हा वजन करा.
४. मिळालेल्या एक्सलच्या वजनानुसार टायरमधली हवा ठरवा. दारावरच्या पट्टीवरचा आकडा पूर्ण भारासाठी असतो.

मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, जुने टायर घेऊन वर्षभराच्या प्रवासाला निघू नका.

तपासा: गाडीची खरी उंची छतावरच्या सगळ्या वस्तूंसह मोजा आणि चालकासमोर चिकटवा, मीटरमध्ये आणि फुटांतही. कमानीखाली शिरताना पुस्तिका शोधायला वेळ नसतो.

## टप्पा ५: वीज, गॅस, पाणी

विजेचा हिशेब कागदावर करा. ४५ वॉटचा कॉम्प्रेसर-फ्रिज निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ४५ अँपिअर-तास. लॅपटॉपचे १५. दिवे, पंप, फोन मिळून १०. एकूण ७०. लेड-ॲसिडची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे ती एक दिवसही पुरणार नाही. तेवढीच लिथियम बॅटरी एक दिवस ओढते, पण शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करायची नाही. बाहेरून वीज घेताना रिळावरची केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापून वितळते.

गॅसबाबत एक गोष्ट पक्की ठेवा: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४० पर्यंत चालतो. थंडीत सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी पेटत नाही, त्याचं हेच कारण. सिलिंडरची तोंडं देशागणिक बदलतात. पुन्हा भरता येणारी टाकी घेतलीत तर युरोपात चार प्रकारची जोडणी-तोंडं सोबत ठेवावी लागतात. फेरीबोटीवर गॅस बंद म्हणजे बंद. आणि शेगडी पेटवून गाडी ऊबदार ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बिछान्याजवळ लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून बघा.

पाण्याच्या जागी बहुधा दोन नळ असतात, एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा शौचालयाची कॅसेट (मैला साठणारी काढती टाकी) धुण्याचा. दुसऱ्या नळाला बऱ्याचदा आखूड पाइप असतो, आणि घाईत असलेला माणूस कॅसेटचं तोंड पहिल्याच नळाखाली धरतो. म्हणून टाकी भरण्याआधी नळाचं तोंड पुसून घ्या, मिनिटभर पाणी वाहू द्या आणि स्वतःचाच पाइप वापरा. पिण्याचा पाइप आणि धुण्याचा पाइप वेगळ्या रंगांचे, वेगळ्या कप्प्यांत. भांड्यांचं सांडपाणी पावसाच्या गटारात सोडायचं नाही. ते थेट नदीला मिळतं.

## टप्पा ६: तालीम

बाहेरची वीज आणि पाणी न घेता तीन-चार दिवस गाडीत राहा, जमल्यास पावसात. छत कुठून गळतं, कुठलं कपाट वळणावर उघडतं, रात्री कोण कोणाला ओलांडून उठतं, हे त्याशिवाय कळत नाही. चाक स्वतः बदलून बघा. जॅक तुमच्या गाडीचं भरलेलं वजन उचलतो का, तेही याच वेळी समजेल. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

## टप्पा ७: सीमेचा दिवस

सकाळी लवकर पोहोचा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. आदल्या रात्री फ्रिज रिकामा करा. युरोपियन युनियनमध्ये शिरताना बाहेरचं मांस आणि दुग्धपदार्थ सहसा चालत नाहीत. मोरोक्कोत ड्रोन नेता येत नाही. औषधं मूळ वेष्टनात आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवा. कोडीन असलेल्या गोळ्या काही देशांत गुन्हा ठरतात.

बऱ्याच ठिकाणी चालक गाडीसोबत जातो आणि बाकीच्यांना उतरवून पायी वेगळ्या रांगेत पाठवतात. तेव्हा प्रत्येकाचा पासपोर्ट, थोडी रोकड आणि पाण्याची बाटली ज्याच्या-त्याच्याकडे हवी. सगळे पासपोर्ट एका थैलीत आणि थैली गाडीत, ही नेहमीची फजिती आहे.

साधारण क्रम असा: देश सोडताना पासपोर्ट, मग कस्टम्स. पलीकडे पुन्हा पासपोर्ट, मग कस्टम्स, मग विमा. गर्दीत कोणी तरी हात करून “जा पुढे” म्हणतो आणि कस्टम्सची खिडकी मागे राहून जाते. तसं होऊ देऊ नका. गाडी बाजूला लावा आणि खिडकी शोधून काढा.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. खालचा भाग देशात शिरताना कस्टम्स फाडून घेतं, मधला बाहेर पडताना. वरचा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही वेळचे शिक्के लागतात. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्याच देशात अडकते, आणि महिन्यांनी आयातकराची मागणी येते. मग गाडी घरी आहे हे कस्टम्सकडून किंवा दूतावासाकडून लिहून आणण्याची धावपळ नशिबी येते. अधिकारी चुकीचा तुकडा फाडायला लागला तर नम्रपणे, पण तिथल्या तिथे थांबवा. चॅसिसचा क्रमांक गाडीवर कुठे कोरलेला आहे ते माहीत असू द्या, कारण तो बघायला मागतातच.

तपासा: खिडकी सोडण्याआधी तीन गोष्टी वाचा: शिक्क्यावरची तारीख, गाडीचा क्रमांक, परवान्याची अखेरची तारीख. चूक तिथे पाच मिनिटांत सुधारते, पुढच्या सीमेवर नाही.

## टप्पा ८: रोजचा वेग

दिवसाला १५० ते २०० किलोमीटर पुरे. घाटात मोटरहोमचा सरासरी वेग ताशी ४० च्या घरात असतो, म्हणजे एवढ्यालाही चार-पाच तास जातात. एका जागी निदान दोन रात्री काढा. त्यातला एक अख्खा दिवस धुणी, पाणी, बाजार, पत्रव्यवहार यांना जातो. हा दिवस वेळापत्रकात न धरणारी माणसं दुसऱ्याच महिन्यात एकमेकांवर खेकसू लागतात.

मुक्कामाच्या जागी दुपारी चारच्या आत पोहोचा, म्हणजे जागा पटली नाही तर उजेडी दुसरी शोधता येते. उतारावर आणि कोरड्या नदीपात्रात थांबू नका. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा. जर्मनीत चालकाचा थकवा घालवण्यासाठी रस्त्याकडेला एक रात्र गाडीत झोपणं चालवून घेतात. पण खुर्च्या मांडल्या, कापडी छत उघडलं, की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं, आणि तिथे दंड होऊ शकतो. शहरात शिरण्याआधी धुराचे नियम पाहा. जर्मनीतल्या अनेक शहरांत गाडीच्या धुराची श्रेणी दाखवणारं काचेवरचं स्टिकर लागतं. ३,५०० किलोच्या वर गेलात की स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियामधली टोलची पद्धतही बदलते.

निघताना रोज गाडीभोवती एक फेरी, त्याच क्रमाने: छताच्या खिडक्या, गॅस, पायरी, सांडपाण्याची तोटी, विजेची केबल, टायर. ही फेरी एकट्याने आणि न बोलता करायची. बोलता बोलता केली की पायरी बाहेर राहते.

## टप्पा ९: मध्येच थांबायचं झालं तर

गाडी परदेशात ठेवून काही महिने घरी जायचं असेल तर आधी कस्टम्सला विचारा. काही ठिकाणी गाडी बंधपत्राखालच्या, म्हणजे कस्टम्सच्या देखरेखीतल्या, गोदामात ठेवली की तिचं घड्याळ थांबतं, काही ठिकाणी थांबत नाही. ठेवण्याआधी पाण्याच्या टाक्या, बॉयलर आणि पाइप पूर्ण रिकामे करा, सिलिंडर बंद करा, बॅटरी सोडवा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा आणि फ्रिजचं दार अर्धवट उघडं ठेवा.

कार्नेची मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी ज्या संघटनेने पुस्तक दिलं तिच्याकडे अर्ज करावा लागतो आणि तुम्ही असाल त्या देशाची संमतीही लागते. हे आठवडे घेतं, म्हणून निदान दोन महिने आधी सुरुवात करा. प्रवास संपल्यावर पुस्तक परत पाठवण्याआधी प्रत्येक पानाच्या वरच्या भागावर दोन शिक्के आहेत का ते पाहा आणि सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. अनामत त्यानंतरच मिळते.